जंजिऱ्यावरून कोर्दोबाला: अब्द अल-रहमानची गोष्ट पोरांना कशी सांगायची

सुरुवात जंजिऱ्यावरून करा. मुरुडचा जंजिरा पोरांनी एकतर बघितलेला असतो नाहीतर बघायचा राहिलेला असतो, पण नाव प्रत्येकाला माहीत असतं. त्यांना विचारा, जंजिरा म्हणजे काय? किल्ला, असंच उत्तर येणार. मग सांगा की हा मूळ अरबी शब्द, जझीरा, म्हणजे बेट, आणि आपल्या तोंडात बसता बसता त्याचा झाला जंजिरा. आता स्पेनच्या पार दक्षिण टोकाला एक बंदर आहे, अल्हेसिरास, आणि ते नाव म्हणजे हाच शब्द, अल-जझीरा. आपला जंजिरा आणि त्यांचं ते बंदर, नावाने सख्खे भाऊ. एवढं ऐकलं की मागे भिंतीला टेकलेली पोरं पुढे सरकतात, आणि पुढचा दीड तास तुमचा.

मी दापोली तालुक्यात खाडीकाठी राहतो आणि मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या वाडीच्या वाचनालयाच्या अंगणात पोरांना इतिहासातल्या गोष्टी सांगतो. वाडीतली असतात, मोहल्ल्यातली असतात, मुंबई-पुण्याहून आजीकडे आलेली असतात. त्यात पुन्हा पुन्हा मागितली जाणारी गोष्ट म्हणजे अब्द अल-रहमानची, सीरियातल्या दमास्कसचा राजपुत्र, घरदार सगळं गेलं, पाच वर्षं लपत छपत फिरला आणि युरोपच्या दुसऱ्या टोकाला जाऊन राज्य उभं केलं, ७५६ ते ७८८ असं बत्तीस वर्षं चालवलं. दोन-तीन गावच्या शिक्षकांनी आणि ताईंनी विचारलं की तुम्ही सांगता कशी, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, लढाईने सुरुवात करू नका. पहिल्या वर्षी मी तेच केलं, हे घराणं, ते घराणं, अमुक साली युद्ध, आणि दहाव्या मिनिटाला एका पोराने विचारलं की ह्यात आपला कोण आणि त्यांचा कोण. मग सगळी पोरं दोन बाजूंना वाटली गेली, वाडीची एकीकडे, मोहल्ल्याची एकीकडे, आणि शेवटपर्यंत तो तिढा काही सुटला नाही. मला फार वाईट वाटलं होतं, कारण ही माणसाने गाव सोडल्याची गोष्ट आहे आणि गाव सोडणं म्हणजे काय ते कोकणातल्या पोराला कुणी शिकवावं लागत नाही. दुसऱ्या वर्षीपासून मी पाणी, झाड, मामाचं घर ह्या वाटेने जातो. लढाई येते, पण तिच्या जागी येते.

नावांची तयारी आधी करून ठेवा. अब्द अल-रहमान नावाचे स्पेनमधल्या कोर्दोबा शहरात तीन मोठे राज्यकर्ते झाले आणि पहिला, दुसरा, तिसरा हे आकडे आपण सोयीसाठी लावतो. आपल्या गोष्टीतल्या पहिल्याला अरबी लोक अद-दाखिल म्हणतात, म्हणजे आत आलेला, प्रवेश केलेला. पोरांना सांगा, शाळेत आपण दाखल होतो, आजीला दवाखान्यात दाखल करतात, तोच हा दाखल. अमीर त्याची पदवी, आपण गरीब-अमीर म्हणतो तोच शब्द, फक्त तिकडे त्याचा अर्थ हुकूम देणारा, सरदार. अशा ओळखीच्या शब्दांवर पोरं पटकन पाय ठेवतात. ग्वादलकिविर ही कोर्दोबाची नदी, मूळ वादी अल-कबीर, मोठी नदी. इथे हमखास कोणीतरी ओरडणार की वादी म्हणजे आपली वाडी! नाही, ते नुसतं कानाला सारखं लागतं, नातं काही नाही, आणि हे स्पष्ट सांगा, कारण खरे धागे इतके आहेत की खोट्याची गरज नाही. उच्चारांसाठी मी मोहल्ल्यातल्या एका चाचांकडे आदल्या दिवशी जाऊन बसतो, ते कुराण शिकवतात, त्यांच्या तोंडून नाव ऐकलं की माझंही सुधारतं.

प्रोजेक्टरच्या नादी लागू नका, मे महिन्यात लाईटचा भरवसा नाही. नकाशा अंगणात काढा. सारवलेलं अंगण असेल तर उत्तमच, नसेल तर फरशीवर खडूने. पायरीशी दमास्कस, विहिरीच्या कट्ट्याशी कोर्दोबा, मधे भूमध्य समुद्र निळ्या रांगोळीने भरा, तो भरायला पोरं भांडतात. गावं दाखवायला करवंट्या पालथ्या ठेवा: फरात म्हणजे युफ्रेटिस नदी, पॅलेस्टाईन, इजिप्त, आजच्या ट्युनिशियातलं कैरवान, मोरोक्कोचा उत्तर किनारा, मग समुद्र ओलांडून स्पेनच्या किनाऱ्यावरचं अल्मुन्येकार. दमास्कस ते कोर्दोबा सरळ रेषेत साडेतीन हजार किलोमीटरच्या वर आहे, आणि हा माणूस सरळ रेषेत गेला नाही. एका पोराला अब्द अल-रहमान करा, दुसऱ्याला बद्र. बद्र हा त्याचा मुक्त केलेला गुलाम, पळापळीत सोबत राहिलेला, आणि माझा अनुभव असा की अर्ध्या पोरांना राजपुत्र व्हायचंच नसतं, बद्र व्हायचं असतं.

आता गोष्ट. ७५० साली अब्बासी घराण्याने अब्द अल-रहमानच्या उमय्या घराण्याची सत्ता उलथवली आणि नुसती सत्ता घेऊन थांबले नाहीत, घराण्यातले पुरुष शोधून शोधून मारले. अब्द अल-रहमान तेव्हा एकोणीस वर्षांचा, खलिफा हिशामचा नातू. तो फरातच्या काठी एका गावात लपलेला, डोळे आलेले म्हणून अंधाऱ्या खोलीत पडून होता, आणि त्याचा चार वर्षांचा मुलगा घाबरून रडत आत आला. हा बाहेर येऊन बघतो तर अब्बासींचे काळे झेंडे गावात पोचलेले. तो तेरा वर्षांच्या धाकट्या भावाला घेऊन नदीकडे पळाला आणि दोघांनी पाण्यात उड्या टाकल्या. काठावरून शिपाई ओरडत होते, परत या, तुम्हाला काही करणार नाही. मोठा पोहत राहिला. धाकटा नदीच्या मध्यावर दमला, घाबरला, मागे वळला. काठावर पोचला आणि त्यांनी त्याला मारलं, मोठ्याने ते पलीकडच्या काठावरून बघितलं.

हे सांगताना काहीही वाढवू नका. रक्त नको, किंकाळ्या नकोत. मी इथे फक्त एक प्रश्न विचारतो, खाडी पोहून जाताना अर्ध्यावर दम लागला तर काय वाटतं? आमची पोरं भरती-ओहोटीतली, त्यांना लगेच कळतं, एकजण म्हणाला होता की मागचा काठ नेहमी जवळ वाटतो. त्यानंतर मी मिनिटभर गप्प बसलो आणि पोरंही गप्प बसली, ही शांतता तोडायची घाई करू नका.

मग नकाशावर चालायला लावा. पॅलेस्टाईन, इजिप्त, आणि कैरवानला पोचल्यावर तिथल्या सुभेदाराला हा पाहुणा नकोच होता, जिवावर उठला, म्हणून पुन्हा पळापळ. शेवटी आसरा कुठे मिळाला? आजोळी! त्याची आई उत्तर आफ्रिकेतल्या बर्बर लोकांपैकी, नफ्झा नावाच्या जमातीची, आणि त्या जमातीने त्याला ठेवून घेतलं. सुट्टीत मामाच्या गावाला आलेल्या पोरांसमोर तुम्ही हे सांगताय हे विसरू नका. सगळं जग पाठीशी लागलेलं असताना मामाकडे दार उघडं असतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसतं. तिथून त्याने बद्रला पलीकडे स्पेनमध्ये पाठवलं, कारण तिथे उमय्या घराण्याशी बांधलेले जुने लोक, सैनिक, जमीनदार होते. अरब-बर्बर फौजा स्पेनमध्ये आधीच ७११ साली तारिक नावाच्या सेनापतीबरोबर उतरल्या होत्या. जिब्राल्टर म्हणजे जबल तारिक, तारिकचा डोंगर. बद्रने बोलणी जमवली आणि ७५५ मध्ये अब्द अल-रहमान अल्मुन्येकारच्या किनाऱ्यावर उतरला. आज तिथे त्याचा पुतळा आहे.

लढाई पाच मिनिटांत उरका. मे ७५६, कोर्दोबाजवळ मुसारा, समोर तिथला सुभेदार युसुफ अल-फिहरी. दोनच प्रसंग सांगा. त्याच्याकडे झेंडा नव्हता म्हणून हिरवी पगडी भाल्याला बांधून तोच झेंडा केला. आणि दुसरं, त्याच्याच फौजेत कुजबुज चालली होती की पोरगा तरुण, घोडा चपळ, उलटं पडलं की पहिला हाच पळणार. त्याच्या कानावर आलं तेव्हा त्याने घोडा दिला आणि एकाचं खेचर मागून घेतलं, म्हणजे पळायची सोयच ठेवली नाही. पंचविसाव्या वर्षी तो कोर्दोबाचा अमीर झाला.

आता टाईमलाईन, आणि इथे वेळ द्या, कारण आपल्याकडच्या पोरांच्या डोक्यात जग कप्प्याकप्प्यांत असतं, आपला इतिहास वेगळा, त्यांचा वेगळा. एक दोरी बांधा आणि ७५६ च्या जागी दोन चिठ्ठ्या लावा. एकीवर मुसारा. दुसरीवर आपल्याकडचा राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला, जो साधारण त्याच सुमाराला गादीवर आला आणि ज्याच्या काळात वेरूळचं कैलास मंदिर डोंगर वरून खाली कोरत आणून घडवलं. आणि ७८५ च्या आसपास तिकडे कोर्दोबाच्या मोठ्या मशिदीचं काम सुरू झालं. म्हणजे इकडे कारागीर डोंगरातून दगड काढून टाकतायत आणि तिकडे कारागीर जुन्या पडक्या इमारतींचे खांब गोळा करून आणतायत, एकाच पिढीतली माणसं.

मशिदीची कमान पोरांच्या हाताने करून घ्या, हा भाग मला सगळ्यात आवडतो. अडचण अशी होती की रोमन आणि व्हिसिगॉथ (अरबांच्या आधीचे स्पेनचे राज्यकर्ते) इमारतींतून आणलेले खांब आखूड, त्यावर छत टाकलं तर एवढ्या मोठ्या जागेत कोंडल्यासारखं झालं असतं. मग त्यांनी कमानीवर कमान चढवली, खालची कमान खांबांना बांधून धरते आणि वरची छत पेलते. बांबूच्या कामट्या वाकवा, दोन स्टुलांमधे एक कमान, तिच्या वर हातभर अंतर सोडून दुसरी. खालची काढून घेतली की स्टुलं कशी बाहेर सरकतात ते दाखवा, म्हणजे खालची कमान नुसती शोभेची नाही हे शब्द न वापरता कळतं. त्या कमानींत तांबडी वीट आणि पांढरा दगड आळीपाळीने बसवलेत. आमच्याकडे एका पोरीने जांभ्याचे तुकडे आणि चुना फासलेले तुकडे एकाआड एक जमिनीवर अर्धगोल मांडले, आणि मोबाईलवरचा मशिदीचा फोटो शेजारी ठेवला, अगदी तसंच. गवंड्याच्या घरची पोर होती.

अवघड गोष्टी लपवू नका, पोरांना नंतर कळलं तर तुमच्यावरचा विश्वास जातो. मशिदीच्या जागी आधी व्हिसिगॉथ काळातलं चर्च होतं, जुने अरबी इतिहासकार सांगतात की जागा ख्रिश्चनांना पैसे देऊन घेतली. पुढे १२३६ मध्ये ख्रिश्चन राजा तिसऱ्या फर्नांदोने कोर्दोबा जिंकलं तेव्हा मशिदीचं कॅथेड्रल झालं आणि ते आजही आहे. दोन्ही वाक्यं एका दमात सांगा, एक सांगून दुसरं गाळू नका. ख्रिश्चन आणि ज्यूंना आपापला धर्म पाळता येत होता पण जिझिया भरावा लागायचा आणि दर्जा बरोबरीचा नव्हता, हेही. आणि थोड्या मोठ्या पोरांना, आठवीच्या वरच्या, ७६३ सांगा: अब्बासी खलिफा मन्सूरच्या बाजूने बंड झालं, अब्द अल-रहमान कार्मोना गावात दोन महिने वेढ्यात अडकला, मग थोडी माणसं घेऊन दार उघडून तुटून पडला आणि जिंकला, आणि बंडाच्या म्होरक्यांची मुंडकी मीठ-कापूर लावून खलिफाकडे पाठवली. ज्याच्या भावाला डोळ्यादेखत मारलं त्यानेच हे केलं. मी ह्यावर पोरांना बोलू देतो, स्वतः निकाल देत नाही. त्याच मन्सूरने पुढे ह्याला कुरैश जमातीचा ससाणा म्हटलं असं सांगतात, शत्रूने दिलेली पदवी.

आपला कोण, त्यांचा कोण हा प्रश्न तरीही येणारच. त्याला उत्तर म्हणून ७७८ सांगा. बार्सिलोनाचा मुस्लिम सुभेदार अब्द अल-रहमानच्या विरुद्ध मदत मागायला थेट ख्रिश्चन राजा शार्लमेनकडे गेला. शार्लमेन फौज घेऊन आला, सारागोसा शहराने दारं लावून घेतली, तो परत फिरला, आणि पिरेनीज डोंगरातल्या रोन्सेसव्हालेस खिंडीत त्याच्या पिछाडीवर हल्ला केला बास्क लोकांनी, जे मुसलमान नव्हतेच. तारीख १५ ऑगस्ट, त्यामुळे पोरं विसरत नाहीत. आता लावा बाजू! एका मुलाने फळ्यावर बाण काढायचा प्रयत्न केला, कोण कोणाच्या विरुद्ध, आणि चौथ्या बाणाला खडू खाली ठेवला.

तुमच्याकडे कॉलेजची मुलं असतील तर कोकणचा धागाही जोडा. तिसरा अब्द अल-रहमान ९२९ मध्ये स्वतःला खलिफा म्हणवू लागला. त्याच्या तीनच वर्षं आधीचा, ९२६ चा, एक ताम्रपट पालघर जिल्ह्यात चिंचणीला सापडलाय, त्यात राष्ट्रकूटांनी संजाणवर नेमलेला अधिकारी ताजिक म्हणजे अरब, नाव मधुमती, मुहम्मदचं संस्कृत रूप, आणि त्याने फुकट होडी आणि भात-तूप वाढणारं अन्नछत्र चालवल्याची नोंद आहे. त्याच शतकाच्या सुरुवातीला अल-मसुदी हा अरब प्रवासी आपल्या चौलला येऊन गेला, त्याने चौलला सैमूर म्हटलंय, आणि तिथे दहा हजारांच्या आसपास मुसलमान राहतात असं लिहिलंय. मोहल्ल्यातली पोरं हे ऐकताना ताठ बसतात.

शेवटचा अर्धा तास पाण्याला आणि झाडांना. ज्यांच्या घरी रहाट होता, निदान आजोबांच्या तोंडून ऐकलाय, त्यांना सांगू द्या: गाडगी कशी बांधायची, पाटाने पाणी पोफळींना कसं जायचं, पाळी कशी लागायची. मग सांगा की स्पेनमध्ये रहाटाला नोरिया म्हणतात आणि पाटाला असेकिया, दोन्ही शब्द अरबीतून गेलेले. रोमनांचे कालवे तिथे आधी होतेच, सीरियाहून आलेल्यांनी आपली रीत त्यात घातली. व्हॅलेन्सियात आजही दर गुरुवारी दुपारी बारा वाजता कॅथेड्रलच्या दारात पाण्याच्या पाळीचे तंटे सोडवायला पंच बसतात. आपल्याकडे पाळीवरून काय काय होतं ते पोरांना चांगलं माहीत, त्यामुळे ह्यावर भरपूर चर्चा होते. आणि शब्द तर आपल्याकडूनही गेले, शर्करा, साखर, अरबीत सुक्कर, स्पॅनिशमध्ये असुकार. नारंग, नारिंग, नारांहा.

कोर्दोबाच्या बाहेर त्याने बाग आणि वाडा केला आणि नाव ठेवलं रुसाफा, आजोबांच्या सीरियातल्या वाड्याचं नाव. राज्य मिळालं, पण परत जाता आलं नाही, कधीच नाही. बहीण सीरियातच राहिली. तिच्याकडून डाळिंबं आली, सफर नावाच्या एकाने त्यांच्या बिया लावल्या, त्या जातीला सफरी म्हणायला लागले, असं सांगतात. आणि त्या बागेत खजुरीचं झाड होतं. त्याच्या नावावर एक कविता आहे त्या झाडाला उद्देशून, मी ती आपल्या शब्दांत सांगतो: तूही माझ्यासारखीच, आपल्या मुलखापासून लांब, पश्चिमेला परक्या मातीत वाढलेली, घरच्यांपासून तुटलेली, पहाटेचा पाऊस तुला पाणी घालो. एवढंच सांगा आणि थांबा. ज्यांचे वडील कुवेतला, दुबईला आहेत ती पोरं ह्याच्यावर बोलतात, ज्यांचे वडील डोंबिवलीला खोली करून राहतात तीही बोलतात.

मग खजूर वाटा. आमच्याकडे मोहल्ल्यातून येतो, आखातातून कोणी ना कोणी आणलेलाच असतो. बी टाकायची नाही. पोरांना सांगा, घरी जाऊन बी घासून धुवा, तीन-चार दिवस पाण्यात ठेवा, पाणी रोज बदला, मग ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात घालून उबेला ठेवा, कोंब फुटला की रेती मिसळलेल्या मातीत, बोटाच्या एका पेराएवढं खोल. कुंडीला भोक हवंच आणि पाऊस लागला की ती पडवीत घ्यायची, आपल्या पावसात बी कुजते. महिना-दीड महिना काही दिसणार नाही. मग एकच हिरवं पातं वर येतं, खजुरीसारखं अजिबात दिसत नाही, थेट गवत, म्हणून घरातल्या मोठ्या माणसांना आधीच सांगून ठेवायला लावा, नाहीतर भांगलताना कोणीतरी उपटून टाकतं.